परमेश्वराचा परदेशी अभिषिक्त : सम्राट सायरस

उपासनेच्या ‘अ’ वर्षात सामान्य काळाच्या २९ व्या रविवारी पहिले वाचन यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४५ व्या अध्यायातून होते. त्यात परमेश्वर एका राजाचा उजवा हात धरतो आणि त्याला आपला अभिषिक्त म्हणून संबोधतो. त्याच दिवशी शुभवर्तमानात कैसराच्या नाण्याचा प्रसंग असतो. त्यामुळे प्रवचनाचा ओघ साहजिकच कैसराकडे वळतो आणि हा दुसरा राजा मागे राहतो. तो पारसचा राजा सायरस. आपल्या मराठी बायबलमध्ये त्याचे नाव कोरेश असे येते.

‘अभिषिक्त’ या शब्दासाठी मूळ हिब्रूत ‘मशीहा’ हा शब्द आहे. त्याचेच ग्रीक रूप ‘ख्रिस्त’. शौल, दावीद आणि त्यांच्यानंतरचे राजे व याजक यांना ही संज्ञा लावली गेली. परंतु जुन्या करारात इस्राएलच्या बाहेरील ज्याला ती लाभली असा राजा एकटा सायरसच. इस्राएलच्या देवाला न ओळखणाऱ्या या परक्या राजाला एवढा मान का मिळाला, हे समजून घ्यायचे तर त्याच्या आधीच्या दोनशे वर्षांकडे वळून पाहावे लागते.

तैग्रिस नदीच्या काठी वसलेल्या अश्शूर नगराच्या राजांनी प्राचीन जगातील पहिले खऱ्या अर्थाने विशाल साम्राज्य उभारले. इ.स.पू. ७४५ मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरने कायमचे खडे सैन्य ठेवले, जिंकलेल्या मुलखाचे प्रांत पाडले आणि त्यांवर आपले सुभेदार नेमले. बंडाची धग कायमची विझावी म्हणून पराभूत लोकांना मायभूमीतून उपटून दूरदेशी नेऊन वसवणे, ही अश्शूरी राजनीतीची ठरलेली रीत होती. इ.स.पू. ७२२ मध्ये उत्तरेकडील इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडली. तेथून २७,२९० लोक नेल्याची नोंद दुसऱ्या सार्गोनने आपल्या शिलालेखात अभिमानाने करून ठेवली आहे. त्यांच्या जागी इतर प्रांतांतील लोक आणून वसवण्यात आले. पुढे येशूच्या काळात यहुदी आणि शोमरोनी यांच्यात जो दुरावा दिसतो, त्याची मुळे बायबल या घटनेत दाखवते. निनवे नगरीत परागंदा होऊन राहणाऱ्या भाविक टोबितची कथा याच हद्दपारीच्या पार्श्वभूमीवर घडते.

इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबने यहुदातील लाखीश नगर घेतले. त्या वेढ्याची आणि घरदार सोडून निघालेल्या कुटुंबांची कोरीव चित्रे त्याने निनवेच्या राजवाड्यात लावली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्या वेळी जेरुसलेम वाचले. पुढे इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेल आणि मेदी यांच्या संयुक्त सैन्याने निनवेचा विध्वंस केला. पण अश्शूर गेले तरी त्याची रीत गेली नाही. बाबेलच्या नबुखद्नेस्सरने इ.स.पू. ५८७ च्या सुमारास जेरुसलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले, मंदिरातील पात्रे लुटली आणि लोकांना बंदिवान करून बाबेलला नेले.

या काळोखात पूर्वेकडे सायरसचा उदय झाला. आजच्या इराणच्या नैऋत्य भागात अन्शान नावाचे एक छोटे राज्य होते आणि त्याचे राजे मेदी सम्राटाचे मांडलिक मानले जात. सायरस हा तेथील राजा कंबायसिसचा पुत्र. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने त्याच्या जन्माची एक आख्यायिका दिली आहे. ती अशी की, मेदी सम्राट अस्त्यागेसला स्वप्नात आपल्या नातवाकडून धोका दिसला आणि त्याने बाळाला मारण्याची आज्ञा दिली. पण एका गुराख्याच्या घरी ते बाळ गुपचूप वाढले. मोशेच्या बालपणाची आठवण करून देणारी ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. तथापि लोकांच्या मनात या राजाने केवढे स्थान मिळवले होते, ते तिच्यावरून कळते.

इ.स.पू. ५५९ च्या सुमारास सायरस गादीवर आला. इ.स.पू. ५५० मध्ये अस्त्यागेस त्याच्यावर चालून गेला, तेव्हा अस्त्यागेसच्याच सैन्याने बंड करून आपल्या राजाला सायरसच्या हवाली केले. मेदींची राजधानी एकबताना, म्हणजे आजचे हमादान, त्याच्या ताब्यात आली. त्याने मेदी सरदारांना चिरडले नाही, तर आपल्या कारभारात सामावून घेतले. नंतर काही वर्षांतच त्याने आजच्या तुर्कस्तानातील लिडियाचा श्रीमंत राजा क्रीसस याचा पराभव करून सार्दिस जिंकले. आता बाबेल तेवढे उरले होते.

बाबेलचा राजा नबोनिदस आपल्याच प्रजेला नकोसा झाला होता. नगराचे दैवत मार्दुक याला बाजूला सारून तो चंद्रदेवतेच्या भजनी लागला होता. शिवाय राज्य आपला पुत्र बेलशस्सर याच्यावर सोपवून तो अनेक वर्षे अरबस्तानातील तेमा येथे राहिला. इ.स.पू. ५३९ च्या शरद ऋतूत तैग्रिसकाठी ओपिस येथे लढाई झाली. तेथे मोठा रक्तपात झाल्याची नोंद बाबेलच्या बखरीत आहे आणि सायरसचे गुणगान करताना ती विसरता कामा नये. त्यानंतर मात्र त्याच्या सैन्याने बाबेल नगरीत लढाईविना प्रवेश केला. खुद्द सायरस ऑक्टोबरच्या अखेरीस आला, तेव्हा मंदिरांतील नित्य उपासना खंडित झाली नव्हती.

या विजयानंतर त्याने कोरून घेतलेला एक मृत्तिकालेख १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडला. जेमतेम वीतभर लांबीचा, नळकांड्याच्या आकाराचा हा लेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आणला गेला होता. पारसच्या भूमीवरून नाव लाभलेला आणि आजही आपल्या मुलांचे नाव कौतुकाने सायरस ठेवणारा पारशी समाज ज्या शहरात नांदतो, तेथे तो यावा हे उचितच होते. या लेखात सायरस आपल्या विजयाचे श्रेय मार्दुक देवाला देतो. बाबेलमध्ये आणून ठेवलेल्या देवमूर्ती आपण त्यांच्या मूळ देवळांत परत पाठवल्या आणि लोकांनाही त्यांच्या वस्तीस्थानी परतवले, असे तो नमूद करतो. त्यात यहुदी लोकांचा वा जेरुसलेमचा उल्लेख नाही. परंतु त्यांच्या बाबतीत एज्राच्या ग्रंथात जे घडते, ते याच धोरणाला धरून आहे.

एज्राच्या ग्रंथानुसार सायरसने बाबेलवरील आपल्या राज्याच्या पहिल्या वर्षी यहुद्यांना मायदेशी जाण्याची आणि मंदिर पुन्हा बांधण्याची मुभा दिली. नबुखद्नेस्सरने लुटलेली सोन्याचांदीची ५,४०० पात्रे त्याने मोजून परत केली. परतलेल्यांची संख्या ४२,३६० अशी दिली आहे. मागे राहिलेल्यांचीही संख्या मोठी होती. दोन पिढ्यांनंतर बाबेलमध्येच त्यांचे संसार रुजले होते. परतणाऱ्यांपुढे ओसाड गाव, गरिबी आणि शेजाऱ्यांचा विरोध होता. मंदिराचे काम रखडले. पुढे दारयावेश राजाच्या कारकिर्दीत सायरसच्या फर्मानाचा शोध घेतला गेला आणि ते एकबतानाच्या दफ्तरात मिळाले. अखेर इ.स.पू. ५१५ मध्ये मंदिर पूर्ण झाले. ते पाहायला सायरस हयात नव्हता. इ.स.पू. ५३० मध्ये ईशान्य सरहद्दीवरील मोहिमेत त्याचा अंत झाला होता. पासारगादे येथे सहा दगडी पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभी असलेली त्याची साधी कबर आजही पाहावयास मिळते.

त्याने घातलेल्या पायावर दारयावेशाने सिंधू नदीपासून एजियन समुद्रापर्यंत राज्याची घडी बसवली. राजमार्ग, प्रांताधिकारी आणि कारभारासाठी अरामी भाषा ही तिची अंगे होती. हे साम्राज्य इ.स.पू. ३३० मध्ये सिकंदराच्या स्वारीने लयाला गेले. अरामी भाषा मात्र टिकून राहिली. तीन शतकांहून अधिक काळानंतर नाझरेथच्या एका सुताराच्या घरात हीच भाषा बोलली जात होती.

सायरस संत नव्हता. त्याने युद्धे केली, मुलूख जिंकले आणि प्रजेला धर्मस्वातंत्र्य देण्यात त्याचा राजकीय हिशेबही होता, कारण स्वतःच्या देवळात प्रार्थना करणारी प्रजा बंड कमी करते. इस्राएलचा देव त्याला ठाऊक नव्हता, हे त्याचा गौरव करणारा यशयाचा ग्रंथही स्पष्टपणे सांगतो. तरीही बंदिवासातल्या त्या संदेष्ट्याला या परक्याच्या हातून देवाची करणी होताना दिसली. आपल्या लोकांतून, आपल्या राजवंशातून तारण येईल अशी वाट पाहणाऱ्यांना हे पचवणे सोपे गेले नसेल. मुक्तिदाता आपल्यातलाच असला पाहिजे, हा हट्ट त्या संदेष्ट्याने सोडला.

प्रिय वाचकहो, तो हट्ट आपल्यातही असतो. चांगले काम आपल्या धर्मग्रामातील माणसाने केले तर आपण त्यात देवाचा हात पाहतो. तेच काम अन्य धर्मीयाने वा देव न मानणाऱ्याने केले तर त्याचा हेतू तपासू लागतो. सायरसचाही हेतू तपासण्यासारखा होता. पण ४२,३६० माणसे आपल्या घराकडे चालू लागली, हेही तितकेच खरे. पुढच्या वेळी यशयाचे ते वाचन कानी पडेल, तेव्हा या परदेशी राजाची आठवण ठेवू या. आणि आपल्या गावात, आपल्या देशात विस्थापितांना पुन्हा उभे करणारे जे कोणी असतील, त्यांचे नाव व धर्म विचारण्याआधी देवाचे आभार मानू या.