मोहनलाल दयाळ : परक्या बाजारातला स्वदेशी पुडा

कांदिवली पश्चिमेकडील चारकोपची वसाहत जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात उभी राहिली. तेथील घराघरांत सकाळच्या चहाबरोबर बिस्किटांचा पुडा फोडला जातो, तेव्हा तो कोणाच्या हातचा आहे, अशी शंका कोणाच्या मनाला शिवत नाही. ही निःशंकता फार जुनी नाही. कांदिवलीपासून काही स्थानकांच्या अंतरावर, विलेपार्ल्यात उभा राहिलेला एक कारखाना आणि त्याचे संस्थापक मोहनलाल दयाळ चौहान यांचा ती निर्माण करण्यात मोठा वाटा आहे.

एकोणिसाव्या शतकात बिस्कीट ही साहेबाच्या टेबलावरची वस्तू होती. विलायतेहून पत्र्याच्या डब्यांतून येणारा हा माल सामान्यांना परवडणारा नव्हता आणि सोवळ्यातल्या घरांत त्याला प्रवेशही नव्हता. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून केवढे ग्रामण्य उठले आणि त्यात लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांची नावे कशी गोवली गेली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. परक्या हातचे, परक्या भट्टीतले अन्न खावे की नाही, हा त्या काळी धर्माचा प्रश्न होता.

मोहनलाल दयाळ मूळचे गुजरातचे. मुंबईत रेशमी कापडाच्या व्यापारात त्यांनी जम बसवला. माणेकलाल, पीतांबर, नरोत्तम, कांतिलाल व जयंतीलाल हे त्यांचे पाच पुत्र. स्वदेशी चळवळीने भारलेल्या त्या काळात परदेशी गोळ्या-मिठाईच्या तोडीचा माल येथेच तयार करावा, असे त्यांच्या मनाने घेतले. केवळ अभिमानाने माल बनत नाही, हे त्यांच्यातील व्यापाऱ्याला माहीत होते. म्हणून ते स्वतः जर्मनीला गेले, तेथे गोळ्या-मिठाई बनविण्याचे तंत्र शिकले आणि सुमारे साठ हजार रुपयांची यंत्रसामग्री घेऊन परतले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम थोर होती.

विलेपार्ल्यात १९२९ साली कारखाना सुरू झाला. कामगार होते अवघे बारा. पहिला माल होता संत्र्याच्या स्वादाची गोळी. कारखान्याला नावही गावावरूनच मिळाले. पुढच्याच वर्षी, १९३० साली, मिठाच्या सत्याग्रहाची छावणी याच विलेपार्ल्यात पडली आणि जमनालाल बजाज यांच्यासारखे नेते तेथे वावरू लागले. देशी मालाला याहून अनुकूल हवा कोणती असणार? तरीही हवेवर विसंबून धंदा चालत नाही. राज्य परक्यांचे, जकातीचे नियम त्यांचे आणि दुकानाच्या फळीवरची मानाची जागाही त्यांच्याच डब्यांची, अशी स्थिती होती. आपल्याच देशातल्या या परक्या बाजारपेठेत शिरण्यासाठी चव, टिकाऊपणा आणि किंमत या तिन्ही कसोट्यांवर उतरणे भाग होते.

बिस्किटांचे उत्पादन १९३८ साली सुरू झाले आणि ग्लुको बिस्कीट बाजारात आले. ते स्वस्त होते, पोटभरीचे होते आणि बंद वेष्टनात मिळत होते. स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली आणि गव्हाच्या लागवडीचा मोठा प्रदेश पाकिस्तानात गेला. गव्हाची टंचाई पडताच पार्लेने ग्लुकोचे उत्पादन थांबवून सातूची बिस्किटे पुढे केली आणि तसे ग्राहकांना जाहिरातीतून मोकळेपणाने कळवले. जुन्याच पुड्यात हलका माल भरणे सोपे होते. तो मोह टाळला गेला आणि पुड्यावरचा विश्वास टिकून राहिला. ग्लुको नावाची नक्कल वाढल्यावर १९८०च्या दशकात त्याच बिस्किटाचे पार्ले-जी असे नामकरण झाले.

मोहनलाल काळाच्या पडद्याआड गेले त्याला आता अनेक दशके लोटली. २०११ साली नील्सन या संस्थेच्या पाहणीत पार्ले-जी हे जगातील सर्वाधिक खपाचे बिस्कीट ठरले. विलेपार्ल्याचा मूळ कारखाना २०१६ साली बंद झाला. त्याच्या भट्टीचा दरवळ आता पार्लेकरांच्या आठवणीतच उरला आहे. पुडा मात्र समुद्रापार गेला आहे.

तेथे त्याला पुन्हा परक्यांच्या नियमांना सामोरे जावे लागते. अमेरिकेत अन्नपदार्थ पाठविणाऱ्या कारखान्याची तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी लागते आणि माल बंदरात पोहोचण्यापूर्वी पूर्वसूचना द्यावी लागते. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. गहू, दूध, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळ यांचा उल्लेख चुकवून चालत नाही, कारण त्यांची अॅलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. अंशतः हायड्रोजनीकृत तेलांना २०१५ साली असुरक्षित ठरवून २०१८ पासून तेथे बहुतांश बंदी लागू झाली. त्यामुळे अशा वनस्पती तुपात भाजलेली आपली खारी आणि नानकटाई त्या बाजाराला मुकते. युरोपात बिस्कीट किती करपवावे यावरही लक्ष असते. पीठ जास्त तापमानात भाजताना अॅक्रिलामाइड हे घातक द्रव्य तयार होते आणि २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार बिस्किटांसाठी त्याचा मापदंड किलोमागे ३५० मायक्रोग्रॅम आहे.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लघुउद्योजकाने उद्या खारी-बिस्किटे परदेशी पाठवायचे ठरवले, तर हे नियम त्याला जाच वाटतील. मोहनलालांचा मार्ग त्याला उपयोगी पडेल. त्यांनी परक्यांच्या मालाला नुसती नावे ठेवली नाहीत. परक्यांच्या देशात जाऊन आधी विद्या घेतली आणि मगच भट्टी पेटवली. १८९० साली पुडा कोणाच्या हातचा, असे विचारले जात होते. आज परदेशातील ग्राहक त्यात काय आहे, असे विचारतो. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी बंद वेष्टनाआड न दिसणाऱ्या अन्नाविषयीची भीती आहे. तिला उत्तर देण्याची जबाबदारी ते वेष्टन बंद करणाऱ्याचीच असते.