श्रीमंत नानासाहेब पेशवे

श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरचे विद्यमान मंदिर ज्यांनी उभारावयास घेतले, त्या बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांचा जन्म ८ डिसेंबर १७२० चा. १७४० साली थोरले बाजीराव निवर्तले आणि वयाच्या विसाव्या वर्षी त्यांस पेशवाईची वस्त्रे मिळाली.

बांधकामाची त्यांना मोठी हौस. वडिलांनी १७३० मध्ये पाया घातलेल्या शनिवारवाड्यात त्यांनी गणेश रंगमहालासारखी दालने वाढविली. वाड्याचे सागवान जुन्नरच्या रानातून आणलेले. सुरूच्या घाटाचे खांब, महिरपी, केळफुले, सारे सागाचेच. शिसव दिसावयास देखणे खरे, पण वजनाने जड व पटाशीला कठीण. सागाच्या गाभ्यात अंगचे तेल असते. वाळवी सहसा शिवत नाही, वाळल्यावर लाकूड फारसे मुरडत नाही, म्हणून नाजूक जाळीही टिकते. सालीलगतचे पांढरे लाकूड मात्र जाणता सुतार कोरीवकामास घेत नाही.

त्र्यंबकास त्यांनी काळा पाषाण योजिला. १७५५ साली आरंभिलेले हे काम १७८६ मध्ये पुरे झाले. ते पाहणे नानासाहेबांच्या नशिबी नव्हते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पुत्र विश्वासराव व चुलतबंधू सदाशिवरावभाऊ गेले. त्या धक्क्यातून ते सावरलेच नाहीत. २३ जून रोजी पुण्यास पर्वतीवर त्यांनी देह ठेवला.

१८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे बहुतेक कोरीव सागवान जळून गेले. तट, जोती आणि दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना तेवढा राहिला.