देशोधडीला लागलेल्यांचे गाव : डॉ. कार्ल कोनिग

मतिमंद मुलाच्या आईबापांना एक प्रश्न जन्मभर सोडत नाही. आमच्या माघारी याचे कोण करील? भाऊ करील, पण भावजयीने का करावे? नुसत्या शाळेने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. शाळा संध्याकाळी सुटते आणि मूलही एक दिवस चाळीस वर्षांचे होते. (आज आपण मतिमंद न म्हणता बौद्धिक दिव्यांग म्हणतो. शब्द सुधारला, प्रश्न तोच आहे.) त्याला घर लागते, शेजार लागतो, हाताला काम लागते. हे ओळखून अशा माणसांसाठी सबंध वसाहती उभ्या करणारे डॉक्टर म्हणजे कार्ल कोनिग. विशेष हे की, पहिले घर त्यांनी मांडले तेव्हा त्यांना स्वतःलाच देश उरला नव्हता.

कोनिग यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०२ रोजी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडिलांचे पादत्राणांचे दुकान होते व हे एकुलते एक. १९२७ मध्ये ते डॉक्टर झाले आणि डॉ. ईटा वेगमन यांच्या बोलावण्यावरून स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाईमला गेले. तेथे नाताळापूर्वीच्या एका रविवारी त्यांनी मतिमंद मुलांचा एक सोहळा पाहिला. हिरव्या डहाळ्यांची गोलाकार वाट आणि मधोमध एक तेवता दिवा. एकेक मूल आपल्या परीने, कोणी अडखळत, कोणी हात धरून, त्या दिव्याशी जाई व आपली मेणबत्ती पेटवून परते. याच मुलांसाठी आयुष्य वेचायचे, हे कोनिग यांनी त्या दिवशी ठरवले.

त्यांच्यावर रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांचा पगडा होता. बुद्धी आणि शरीर पंगू असले तरी आत्मा अखंड असतो, असे हा विचार सांगतो. त्यात पुनर्जन्मही आहे, हे वाचून मी थबकलो. पुनर्जन्म आपल्याकडेही मानतात; पण खेड्यात असे मूल जन्मले की मागल्या जन्मीचे पाप म्हणून बोट आईकडे जाते. कोनिग यांनी त्याच कल्पनेतून उलटा अर्थ घेतला. हे मूलही आपल्याइतकेच पूर्ण आहे, तेव्हा त्याच्याशी बरोबरीने वागले पाहिजे. स्टायनर यांची सगळीच मते शास्त्राच्या कसोटीला उतरतात असे नाही, परंतु ही बरोबरी मला पटली.

१९२९ मध्ये टिला मासबर्ग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सायलेशियातील पिल्ग्रामसहाईन येथे त्यांनी अशा मुलांच्या संस्थेत काम केले. पण नाझी राजवटीत ज्यू डॉक्टरला तेथे राहणे अशक्य झाले आणि १९३६ मध्ये ते व्हिएन्नास परतले. तेथे काही तरुण त्यांच्याभोवती जमले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ही मंडळी पांगली, आणि वाट सापडेल तशी स्कॉटलंडमध्ये पुन्हा एकत्र आली. १९३९ मध्ये ॲबर्डीनजवळ कर्कटन हाउस या जुन्या घरात मुलांना घेऊन त्यांनी संसार मांडला.

घर अपुरे पडू लागले म्हणून जवळची कॅम्पहिल ही मिळकत घ्यायचे ठरले. तोच, मे १९४० मध्ये, शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून कोनिग आणि इतर पुरुषांना ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध केले. हिटलरपासून पळालेल्यांनाच हिटलरचे समजले गेले! स्त्रियांनी मात्र बेत मोडू दिला नाही. १ जून १९४० रोजी मुलांना घेऊन त्या कॅम्पहिलला राहायला गेल्या. चळवळीला नाव मिळाले ते या घराचे. चरित्र कोनिग यांचे असले, तरी घर बांधून ठेवले ते बायकांनी, असे माझे मत आहे.

याच काळात जर्मनीत काय चालले होते? १९४० व १९४१ या दोन वर्षांत सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्ण व मतिमंद माणसांना विषारी वायूने मारण्यात आले. खुद्द व्हिएन्नात ‘आम श्पीगेलग्रुंड’ या रुग्णालयात १९४० ते १९४५ दरम्यान सुमारे आठशे मुले मारली गेली. मारणाऱ्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या.

कॅम्पहिलमध्ये कार्यकर्ते आणि मुले एकाच घरात राहत, एकाच मेजावर जेवत. कार्यकर्त्यांना पगार नव्हता. ज्याची जेवढी गरज तेवढे तो घेई. मुले मोठी झाली, तेव्हा पालकांचा तो जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. त्यातून १९५५ मध्ये यॉर्कशायरमधील बॉटन येथे प्रौढांचे गाव सुरू झाले. जमीन दिली ती एका पालक-कुटुंबानेच. शेती, गोठा, भट्टी, कारखाने. ज्याला जे जमेल ते काम आणि गावकरी हीच ओळख. पुढे २०१० नंतरच्या दशकात येथे बिनपगारी सहजीवन ठेवायचे की पगारी नोकर नेमायचे, यावर वाद पेटला व तो न्यायालयापर्यंत गेला. असे घर चालवणे सोपे नव्हेच.

१९६४ मध्ये कोनिग जर्मनीत राहायला गेले. ज्या देशाने ही माणसे मारली, त्याच देशात त्यांच्यासाठी घरे उभी राहत होती. २७ मार्च १९६६ रोजी यूबरलिंगेन येथे त्यांचे निधन झाले. आज वीसहून अधिक देशांत कॅम्पहिलच्या वसाहती आहेत. आपल्या पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातील कोळवण येथे, याच विचारातून स्फूर्ती घेतलेले ‘साधना व्हिलेज’ आहे. तेथे प्रौढ मतिमंद माणसे आणि त्यांचे सोबती एकत्र राहतात.