धन्याचा सेवक, सोबत्यांचा नायक : योसेफ हायडन

नेतृत्वाचे धडे घ्यावयाचे म्हटले, की आपली दृष्टी सेनापतींकडे आणि राज्यकर्त्यांकडे वळते. ज्यांच्या हाती सत्ता होती, सैन्य होते, त्यांनी काय ठरवले आणि ते कसे तडीस नेले, हे आपण इतिहासात वाचतो. परंतु ज्याच्या हाती सत्ता नाही, जो स्वतः दुसऱ्याचा चाकर आहे, आणि तरीही ज्याच्या शब्दावर वीस-पंचवीस माणसांची भाकरी अवलंबून आहे, अशा माणसालाही निर्णय घ्यावे लागतात. किंबहुना त्याचे निर्णय अधिक अवघड असतात. विद्यार्थी मित्रहो, अशाच एका पुरुषाचे चरित्र आज आम्ही तुम्हांपुढे ठेवीत आहोत. पाश्चात्त्य संगीतात ज्याला सिंफनीचा जनक म्हणून गौरविले जाते, तो योसेफ हायडन एका सरदाराच्या वाद्यवृंदाचा जवळजवळ तीस वर्षे नायक होता.

हायडनचा जन्म ३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियातील रोराऊ या खेड्यात झाला. वडील गाड्यांची चाके बनविणारे कारागीर होते. आई लग्नापूर्वी तेथील उमरावाच्या घरी स्वयंपाकीण होती. वडिलांना स्वरलिपीचे अक्षरही कळत नव्हते. पण सायंकाळी काम आटोपल्यावर ते हार्पच्या तारा छेडीत आणि घरची मंडळी त्यांच्याबरोबर गात. मुलाचा गळा गोड आहे हे पाहून एका नातलग शिक्षकाने त्याला सहाव्या वर्षी आपल्या गावी नेले. तेथे पोटभर अन्नापेक्षा छडीच अधिक मिळाली. तथापि अनेक वाद्यांची ओळखही तेथेच झाली. आठव्या वर्षी व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या गायकवृंदात त्याचा प्रवेश झाला. पुढे वयपरत्वे आवाज फुटला आणि सतराअठरा वर्षांचा हा मुलगा रस्त्यावर आला.

त्यानंतरची काही वर्षे त्याने माळ्यावरच्या एका खोलीत काढली. शिकवण्या केल्या, रात्री रस्त्यांवर वाजविणाऱ्या टोळ्यांतून व्हायोलिन वाजविले, आणि पोर्पोरा या इटालियन संगीतगुरूकडे साथीला बसून त्याचे जोडेही पुसले. त्या मोबदल्यात रचनेचे शास्त्र पदरात पडले. साधा वादक कसा जगतो, त्याच्या खिशात काय असते आणि उद्याची चिंता त्याला कशी ग्रासते, हे हायडन पुस्तकातून शिकला नाही. हे अनुभवाचे ज्ञान पुढे त्याच्या फार उपयोगी पडले.

१ मे १७६१ रोजी एस्टरहाझी या हंगेरीतील अतिशय धनाढ्य घराण्याशी त्याचा करार झाला. हा करार वाचण्याजोगा आहे. हायडनला उपनायकाचे पद आणि वर्षाला ४०० गुल्डन वेतन मिळणार होते. त्याने स्वतः गणवेश घालावा आणि वादकांनीही पांढरे मोजे व नीटनेटका पोशाख घालून यावे, हे त्याने पाहावयाचे होते. रोज दुपारपूर्वी व दुपारनंतर दिवाणखान्याबाहेर उभे राहून आज संगीत हवे की नको याची आज्ञा घ्यावयाची. प्रिन्स सांगतील ते रचावयाचे आणि त्यांच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी काही रचावयाचे नाही. वाद्ये व स्वरलिपीची पुस्तके यांची निगा राखावयाची. वादकांत तंटा झाल्यास क्षुल्लक गोष्टीसाठी प्रिन्सना तसदी न देता तो आपणच मिटवावयाचा. शिवाय हाताखालच्या लोकांशी खाण्यापिण्यात फाजील सलगी करावयाची नाही, असेही एक कलम होते.

म्हणजे पाहा, वर धनी आणि खाली वादक, अशा दोन जात्यांच्या मध्ये हायडन उभा होता. धन्याला खूष ठेवावे तर सोबती दुरावतात; सोबत्यांची बाजू घ्यावी तर धनी रुष्ट होतो. कोणत्याही कचेरीत, कारखान्यात किंवा शाळेत मधल्या जागेवर काम करणाऱ्या माणसाला ही अडचण ठाऊक असते.

त्याचा पहिला महत्त्वाचा निर्णय आम्हांला फार बोलका वाटतो. नायक नवा, वय एकोणतीस, आणि समोर पंधरा-सोळा वादक, काही नवे तर काही जुने. अशा वेळी नवा अधिकारी प्रथम आपला वचक बसवू पाहतो. हायडनने त्याच १७६१ साली सकाळ, दुपार आणि सायंकाळ अशी नावे असलेल्या तीन सिंफनी रचल्या, आणि त्यांत जवळजवळ प्रत्येक वादकाला एकट्याने चमकण्याची जागा ठेवली. व्हायोलिन आणि बासरी यांना तर ती मिळालीच. पण एरवी मागे बसून केवळ आधारस्वर देणाऱ्या डबल बासलाही मिळाली. भजनात टाळ धरणाऱ्याला एकाएकी पुढे बोलावून अभंग म्हणावयास सांगावे, तसा हा प्रकार होता. प्रिन्सना नवे संगीत मिळाले, वादकांना मान मिळाला, आणि कोण किती पाण्यात आहे हे नायकालाही कळले.

सर्वच दिवस असे गेले नाहीत. वाद्यवृंदाचा मुख्य नायक वेर्नर हा वृद्ध व आजारी होता. या तरुण उपनायकाची वाढती प्रतिष्ठा त्याला सहन होईना. १७६५ साली त्याने प्रिन्सकडे लेखी तक्रार केली, की हायडनला शिस्त राखता येत नाही, वाद्ये हरवत आहेत आणि वादक बेफाम झाले आहेत. त्यावेळचे प्रिन्स निकोलाउस यांनी हायडनला कडक शब्दांत ताकीद दिली. वाद्यांची व पुस्तकांची यादी करावी, आणि प्रिन्स स्वतः वाजवीत त्या बारिटोन नावाच्या तंतुवाद्यासाठी अधिक रचना कराव्यात, असा हुकूम सुटला. हायडनने वेर्नरविरुद्ध उलट तक्रारीचे सत्र आरंभिले नाही. त्याने कामानेच उत्तर दिले. बारिटोनसाठी त्याने पुढे सव्वाशेच्या आसपास त्रिवाद्य रचना केल्या आणि आपल्या कृतींची नोंदवहीही याच सुमारास सुरू केली. १७६६ मध्ये वेर्नर निवर्तला आणि हायडन मुख्य नायक झाला.

परंतु स्वतःवरचा ठपका निमूटपणे सोसणारा हा माणूस सोबत्यांवरील अन्याय तसा सोसत नसे. त्याच १७६५ साली सीगल नावाचा बासरीवादक पाखरांवर बंदूक झाडीत असता ठिणगी पडून एका छपराने पेट घेतला. जहागिरीच्या कारभाऱ्याने त्याला कैदेत टाकले. स्वतःची बाजू नाजूक असतानाही हायडनने प्रिन्सना पत्र लिहून, गुन्ह्याच्या मानाने कारभाऱ्याची वागणूक कठोर आहे, हे नम्रपणे पण स्पष्टपणे मांडले. सीगलची नोकरी तेव्हा वाचली नाही. मात्र १७६७ मध्ये त्याला पुन्हा वाद्यवृंदात घेण्यात आले. प्रत्येक रदबदली तात्काळ फळते असे नाही. परंतु आपला नायक आपल्यासाठी बोलतो, हे वादकांना त्या दिवशी कळून चुकले असावे.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे वळतो, ज्याने हायडनची ही हातोटी जगाला ठाऊक झाली. प्रिन्स निकोलाउस यांनी नॉयझीडल सरोवराजवळच्या दलदलीच्या प्रदेशात एस्टरहाझा नावाचा भव्य प्रासाद उभारला. त्यात १२६ दालने होती आणि आवारात स्वतंत्र नाट्यगृह होते. प्रिन्सना ही जागा इतकी प्रिय झाली, की वर्षातील बहुतेक महिने ते तेथेच राहू लागले. परंतु राहण्याच्या जागा अपुऱ्या असल्याने १७७२ च्या आरंभी हुकूम निघाला, की वादकांच्या बायकामुलांनी तेथे येऊ नये. हायडन, पहिला व्हायोलिनवादक टोमासिनी आणि दोन गायक एवढ्यांनाच त्यातून सूट होती. बाकीच्यांची कुटुंबे आयझेनश्टाट गावी राहिली. त्या वर्षी मुक्काम लांबत गेला. वादक घराच्या ओढीने व्याकूळ झाले आणि नायकाकडे गेले.

येथे हायडनपुढे कोणते मार्ग होते, याचा विचार करा. त्याला स्वतःला हुकुमाची झळ नव्हती. तो गप्प बसू शकत होता. पण मग सोबत्यांचा विश्वास गेला असता. तो अर्ज करू शकत होता. पण दिलेला हुकूम लेखी अर्जावर मागे घेणे हे प्रिन्सना कमीपणाचे वाटले असते. वादकांना घेऊन काम थांबवावे, तर त्या काळी त्याचा शेवट बडतर्फीत झाला असता आणि ज्या बायकामुलांसाठी हे चालले होते त्यांच्याच तोंडचा घास गेला असता.

हायडनने चौथा मार्ग काढला. त्याने एक नवी सिंफनी रचली. ती आज क्रमांक ४५ची म्हणून ओळखली जाते. तिचा शेवटचा भाग झपाट्याने धावत येतो, आणि आता संपणार असे वाटत असतानाच थांबून एक संथ भाग सुरू होतो. त्यात प्रथम सनईच्या जातीचा एक ओबो आणि एक हॉर्न आपला भाग वाजवून थांबतात. ते वादक समोरची मेणबत्ती विझवितात, वाद्य उचलतात आणि निघून जातात. मग बसून नावाचे सुषिर वाद्य, दुसरा ओबो, दुसरा हॉर्न. मग डबल बास, चेलो. एकेक दिवा मालवतो, एकेक जागा रिकामी होते. अखेर केवळ दोन व्हायोलिने अगदी मंद स्वरात वाजत राहतात, आणि तीही विरून जातात. ते दोन वादक हायडन आणि टोमासिनी होते, असे सांगतात.

प्रिन्स निकोलाउस रसिक होते. त्यांना अर्थ समजला. दुसऱ्याच दिवशी परतण्याची आज्ञा झाली. ही हकीकत हायडनच्या वृद्धापकाळी त्याच्याकडून ऐकून त्याच्या चरित्रकाराने नोंदली आहे. आजही ही सिंफनी निरोपाची सिंफनी या नावाने प्रसिद्ध आहे.

या युक्तीचे मर्म चातुर्यापेक्षा अधिक खोल आहे, असे आम्हांस वाटते. तिच्यात उद्धटपणाचा एकही शब्द नव्हता; किंबहुना शब्दच नव्हता. प्रिन्सना हवे ते, म्हणजे उत्तम संगीत, त्यांना मिळालेच होते. हुकूम मोडला गेला नाही. तो देणाऱ्यानेच आपखुशीने मोकळीक दिली. वादकांना याचना करावी लागली नाही. त्यांनी आपले काम चोख करूनच आपले दुःख सांगितले. आणि काही बिघडले असते तर दोष रचना करणाऱ्यावर, म्हणजे नायकावर आला असता. जोखीम स्वतःकडे आणि लाभ सोबत्यांकडे, अशी ही वाटणी होती.

धनी आणि सेवक यांच्यातील नातेही हळूहळू बदलत गेले. १७६८ साली आयझेनश्टाटला लागलेल्या आगीत हायडनचे घर जळाले. प्रिन्सनी ते स्वखर्चाने बांधून दिले. १७७६ मध्ये पुन्हा आग लागली तेव्हाही तसेच केले. १७७९ च्या नव्या करारात, दुसऱ्यासाठी काही रचावयाचे नाही हे जाचक कलम गळून पडले. त्यामुळे त्याच्या रचना पॅरिस व लंडनपर्यंत मुक्तपणे पोहोचू लागल्या. वाद्यवृंद वाढून चोवीसच्या घरात गेला होता. नाट्यगृहात संगीतनाटकांचे प्रयोग सतत चालत आणि १७८६ सालात त्यांची संख्या सव्वाशेवर गेली. तालमी घेणे, गायकांच्या गळ्याप्रमाणे पदे बदलणे, तंटे मिटविणे, हे सारे नायकाच्या शिरावर होते. संगीत नाटक मंडळींच्या बिऱ्हाडाचा कारभार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या कामाची कल्पना येईल.

सलगी करू नये असे करार सांगत होता. हायडनने शिस्त सोडली नाही. पण वादकांच्या मुलांच्या बारशाला धर्मपिता म्हणून तो उभा राही. लोक त्याला प्रेमाने पापा म्हणू लागले. मोझार्टसारखा असामान्य प्रतिभेचा संगीतकारही त्याला याच नावाने संबोधी, आणि १७८५ मध्ये त्याने आपल्या सहा रचना हायडनला अर्पण केल्या.

२८ सप्टेंबर १७९० रोजी प्रिन्स निकोलाउस निवर्तले. त्यांच्या वारसाला संगीताची गोडी नव्हती. त्याने वाद्यवृंद जवळजवळ मोडूनच टाकला. मृत्युपत्राने हायडनला १००० गुल्डनचे वार्षिक निवृत्तिवेतन मिळाले. पण तीस वर्षे जोपासलेला मेळ विखुरला. या वेळी कोणतीही सिंफनी उपयोगाची नव्हती, कारण ऐकणारा रसिकच उरला नव्हता. नायकाची सारी कुशलता समोरच्या कानांवरही अवलंबून असते, हे कटू सत्य या घटनेतून दिसते.

अठ्ठावन्न वर्षांचा हायडन तेव्हा सालोमन या संयोजकाच्या निमंत्रणावरून लंडनला निघाला. १७९१ च्या पहिल्या दिवशी त्याने इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवले. तेथे सुमारे चाळीस अनोळखी वादक त्याच्यापुढे होते आणि त्यांची भाषाही त्याला येत नव्हती. एका तालमीत आरंभीचे स्वर मनाजोगे उतरेनात, तेव्हा त्याने व्हायोलिन हाती घेऊन ते स्वतः वाजवून दाखविले, अशी आठवण सांगतात. रागावणे सोपे होते. करून दाखविणे त्याला अधिक सोयीचे वाटले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याच वर्षी त्याला डॉक्टर ही पदवी दिली. इंग्लंडच्या दोन सफरींत त्याने बारा सिंफनी रचल्या आणि १७९८ मध्ये सृष्टीच्या निर्मितीवरील आपले महान गायनकाव्य व्हिएन्नात सादर केले.

१८०९ च्या मे महिन्यात नेपोलियनच्या फौजा व्हिएन्नावर चालून आल्या. तोफेचे गोळे घराजवळ पडू लागले तेव्हा थकलेल्या हायडनने आपल्या घाबरलेल्या नोकरांनाच धीर दिला. ३१ मे १८०९ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याने देह ठेवला.

आमच्या गोव्यात व्हायोलिन आणि बँड यांचा सूर गावोगावी परिचयाचा आहे. शाळेच्या संचलनात ढोल-बिगुल वाजविणारी मुलेही तुमच्यातीलच आहेत. त्यांच्यापैकी कोणाला उद्या पथकाचा प्रमुख नेमले, तर त्याने हायडनचे दोन नेम ध्यानी धरावेत. मागे बसणाऱ्यालाही पुढे येण्याची एक जागा ठेवावी. आणि सोबत्यांचे गाऱ्हाणे वर न्यावयाचे झाल्यास त्याची जोखीम स्वतः घ्यावी. त्या रात्री मेणबत्त्या एकेक करून विझत असता सोबत्यांना आधी जाऊ देऊन हायडन शेवटपर्यंत बसून राहिला होता. नायकाची जागा तीच.