हाफिजा मरियम यांची शिष्या

आपल्या शहराजवळच्या दौलताबादेत १६३८ मध्ये जन्मलेल्या झेबुन्निसा बेगम यांना हाफिजा मरियम या विदुषीने कुरआनचा सबक दिला. बालवयातच हिफ्ज पूर्ण झाले. पिता औरंगजेबाने ३०,००० अशरफ्या बक्षीस दिल्या. एवढे आपण कौतुकाने सांगतो. पण त्यांचे शिक्षण तिथे थांबले नाही. पुढे मुल्ला सईद अशरफ माझंदरानी त्यांचे उस्ताद झाले. आपल्या मक्तबांत मात्र मुलगी सबकात पुढे गेली की तिला शाबासकी मिळते, आणि पुढचा किताब मुलाच्या हाती जातो. बेगमनी मोठे ग्रंथालय उभारले. १६८१ पासून त्या सलीमगडात कैदेत होत्या. १७०२ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या आश्रयाने फारसीत उतरलेली इमाम राझींची तफसीर ‘झेबुत्तफासीर’ या नावाने ओळखली जाते.