मालकी गेली, निगा राहिली

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणारा महामार्ग आणि जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, ते वडीगोद्री. उसाच्या दिवसांत या फाट्यावर तासभर उभे राहावे. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मालमोटारी, जीपगाड्या, सगळी यंत्रे धुरळा उडवीत समोरून जातात. पाहणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट लवकर येते. नवा ट्रॅक्टर घरी येतो तेव्हा हार घातले जातात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पण त्या मालकाची खरी ओळख त्या दिवशी पटत नाही. ती तीन वर्षांनी पटते. तेल वेळेवर बदलले का, हवेची गाळणी झटकली का, ढिला नट दिसला तेव्हाच आवळला का, हे तो ट्रॅक्टरच सांगतो.

बैलांच्या जमान्यात हे शहाणपण घराघरांत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण होते. वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद-तुपाने मळले जातात. झूल, बेगड, घुंगरमाळा ही दुसऱ्या दिवशीची मिरवणूक. खरा सण आदल्या संध्याकाळचा. दावणीला जनावर बांधले म्हणून कोणी मालक होत नाही. त्याची निगा राखतो तो मालक, असा हा साधा हिशेब आहे.

आता जरा वर आभाळाकडे पाहू. ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर उभा राहतो. विमान हवेत बंद पडले तर उभे राहायला बांध नसतो. म्हणून ज्याने स्वतःचे छोटे विमान बाळगले, त्याला हा निगेचा हिशेब कोणाही शेतकऱ्यापेक्षा कडक लागतो. आपल्या महाराष्ट्रात हा हिशेब आयुष्यभर चोख ठेवणारा एक माणूस होऊन गेला. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे जेआरडी. उद्योगपती म्हणून, भारतरत्न म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या आयुष्याची किल्ली एका लाकडी, कापडी विमानाच्या देखभालीत सापडते.

समुद्रकाठचे वेड

जेआरडींचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसला झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटा पारशी, आई सुझान फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डलो येथे त्यांचे सुटीतले घर होते आणि शेजार होता लुई ब्लेरिओ यांचा. 1909 साली विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा हाच तो माणूस. तिथल्या वाळूवर उतरणारी विमाने पाहत हा मुलगा वाढला. पंधराव्या वर्षी त्याने पहिली फेरी मारली आणि त्याच वेळी वैमानिक होण्याचे मनाशी ठरवले. पण त्यासाठी त्याला नऊ वर्षे थांबावे लागले.

1925च्या अखेरीस जेआरडी मुंबईत टाटांच्या कचेरीत उमेदवारी करू लागले. 1926मध्ये वडील गेले आणि विशीतल्या या तरुणावर घरची व धंद्याची जबाबदारी येऊन पडली. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला, तेव्हा मात्र त्यांनी वेळ दवडला नाही. जेमतेम साडेतीन तासांच्या शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवले आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांक होता 1.

लाकूड, कापड आणि दुधाचा सरस

त्यांच्याकडे आले ते जिप्सी मॉथ. इंग्लंडच्या डी हॅविलँड कारखान्याचे हे दोन आसनी, दोन मजली पंखांचे विमान तेव्हा इंग्लंडात साधारण साडेसहाशे पौंडांना मिळे. पंख मागे दुमडता येत, त्यामुळे ते मोटारीमागे ओढत नेऊन मोठ्या पडवीतही ठेवता येई. चार सिलिंडरचे, सुमारे शंभर अश्वशक्तीचे इंजिन. वैमानिकाची जागा उघडी. वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. हौशी माणसाने विमान विकत घ्यावे आणि स्वतः सांभाळावे, अशा बेताने बनवलेले हे पहिल्या काही विमानांपैकी एक.

पण सांभाळणे म्हणजे काय, ते पाहा. सांगाडा लाकडाचा. तो सांधायचा सरस दुधातल्या केसिनपासून केलेला. त्यावर तागाचे कापड ताणून बसवलेले आणि कापड ढोलावरच्या कातड्यासारखे ताठ राहावे म्हणून वर डोप नावाच्या रोगणाचे थर. पावसाळी दमटपणात लाकूड फुगे, सरस कमजोर पडे, कापड सैल होई. मुंबईची खारी हवा तारा आणि बिजागऱ्या गंजवी. दर उड्डाणाआधी पंखांच्या तारांचा ताण बोटांनी अजमावायचा, झडपांच्या दांड्यांना ग्रीस द्यायचे, मॅग्नेटो तपासायचा, प्लग काढून काजळी पुसायची. पेट्रोल टाकीत ओतताना मऊ कातड्यातून गाळायचे, कारण पाण्याचा एखादा थेंबही इंजिनाचा घास घेऊ शकतो. होकायंत्र इंजिनाच्या लोखंडाने बिघडते, म्हणून विमान दिशादिशांना फिरवून त्याची चूक मोजून ठेवायची. आणि हे सगळे वहीत लिहायचे. विमानाची वही वेगळी, इंजिनाची वेगळी. परवानाधारक कारागिराची सही झाल्याशिवाय उड्डाण नाही.

हे इंजिन भरवशाचे आहे हे दाखवायला कारखान्याने एका इंजिनाला मोहोर लावून ते सहाशे तास उडवले होते. भरवशाचे यंत्र निगेवाचूनही चालते, असा अर्थ कोणी काढू नये. पुढच्याच वर्षी एका शर्यतीत हे दिसून आले.

अबुकीरचे प्लग

इंग्लंड ते भारत हा प्रवास सहा आठवड्यांच्या आत एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. प्रवास कोणत्याही टोकाकडून करावा. 1930मध्ये तिघे या ईर्षेने निघाले. मनमोहन सिंग आणि जेमतेम सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडकडून, तर जेआरडी 3 मे रोजी कराचीहून. रेडिओ नाही, हवामानाचा अंदाज सांगणारे कोणी नाही. नकाशा, होकायंत्र आणि खालून जाणारा रस्ता किंवा किनारा, एवढ्यावरच सारी मदार.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर तळावर जेआरडी उतरले, तेव्हा तिथे दुसरे एक मॉथ उभे होते. अस्पीचे. त्याच्या इंजिनाचे प्लग गेले होते आणि जादा प्लग जवळ नव्हते. ते येईपर्यंत तो अडकून पडला होता. जेआरडींकडे मात्र जादा प्लग होते. लांबच्या प्रवासाला निघताना काय लागेल याचा विचार त्यांनी घरूनच केला होता. शर्यतीच्या हिशेबाने पाहिले तर प्रतिस्पर्धी आपोआप अडकला होता. जेआरडींनी काढून प्लग दिले. अस्पीने मोबदल्यात आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले. दोघे आपापल्या दिशांनी उडाले. पुढे अस्पी कराचीला काही तास आधी पोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. हाच मुलगा 1960मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट दिलदारपणाची म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तिचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. देणाऱ्याजवळ द्यायला काही होते, कारण त्याने निगा राखली होती. दिलदारीलाही आधी पेटीत जादा प्लग असावे लागतात.

बैलगाडीवरचे पेट्रोल

एका विमानाची निगा राखणारा माणूस विमान कंपनीची निगा राखू शकेल का, हा पुढचा प्रश्न होता. नेव्हिल व्हिंटसेंट या ब्रिटिश हवाई दलातून आलेल्या वैमानिकाने टपालसेवेची योजना मांडली. सरकारने अनुदान दिले नाही. टाटांनी दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम सुरू केले. हाताशी लहान मॉथ जातीची विमाने, मोजके वैमानिक आणि तीन कारागीर.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ हवेत नेले. हे बंद केबिनचे विमान होते. टपालाची थैली घेऊन ते अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीवरून! यंत्रयुगाचे पहिले भारतीय टपाली विमान बैलांच्या खांद्यावरून आलेल्या इंधनावर पुढे गेले, हे वडीगोद्रीच्या माणसाला ऐकायला बरे वाटेल. दुपारी विमान जुहूला उतरले आणि पुढचा मुंबई-बेल्लारी-मद्रास हा टप्पा व्हिंटसेंटने नेला.

जुहूचे मैदान म्हणजे समुद्राच्या पातळीची चिखलजमीन. पावसाळ्यात तिथे पाणी भरे, तेव्हा सारा बारदाना पुण्याला हलवावा लागे. मुक्काम ताडपत्रांच्या छपराखाली. तरीही टपाल वेळेवर पोचले. पहिल्याच वर्षी साठ हजार रुपयांचा नफा झाला. वैमानिक धाडसी होते खरे, पण वेळ राखली ती रात्री कंदिलाच्या उजेडात तारा आवळणाऱ्या, सरस तपासणाऱ्या कारागिरांच्या जोरावर. त्यांची नावे कोणी पाठ करत नाही. 1942मध्ये विमानप्रवासातच व्हिंटसेंटचा अंत झाला. त्याचेही नाव आज फारसे कोणाला आठवत नाही.

या रोपट्याचा वृक्ष कसा झाला, ते थोडक्यात सांगतो. 1946मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. आपला मराठवाडा तेव्हा निझामाच्या राज्यात होता. निझाम सरकार आणि टाटांची विमान कंपनी यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज उडू लागली होती. 8 जून 1948 रोजी मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. तिचे पहिले विमान होते मलबार प्रिन्सेस.

सातबारा दुसऱ्याचा, कष्ट आपले

1953मध्ये सरकारने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. जेआरडींना हे मान्य नव्हते. आपल्याशी नीट बोलणे न करता निर्णय झाला, याचे त्यांना दुःख झाले. हाताने वाढवलेली वस्तू दुसऱ्याच्या नावावर गेली. आपल्याकडे शेत गेलेला माणूस त्या शेताच्या बांधावरून जायचेही टाळतो. जेआरडींनी काय केले? सरकारने अध्यक्षपद देऊ केले, ते त्यांनी बिनपगारी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे सांभाळले.

मालकी गेली, पण निगा सुटली नाही. एअर इंडियाच्या विमानातून प्रवास करताना त्यांच्याजवळ टिपणवही असे. चहाचा रंग, पडद्यांचे कापड, आसनाची पाठ, दिव्याची तिरीप, स्वच्छतागृह, सगळ्याची नोंद होई आणि उतरल्यावर संबंधितांकडे चिठ्ठ्या जात. धूळ दिसली तर अध्यक्ष स्वतः फडके हातात घ्यायला लाजत नसत. हे काहींना खटकेही. एवढ्या मोठ्या माणसाने चहाच्या रंगात कशाला पडावे? पण ज्याने एकेकाळी प्लगची काजळी स्वतः पुसली आहे, त्याच्या डोळ्याला लहानसहान असे काही नसते. जिथे धूळ साचू दिली जाते तिथे एक दिवस नटही ढिला राहतो, हे त्याला ठाऊक असते.

निगा राखली म्हणजे घात होतच नाही, असे मात्र नाही. तीच मलबार प्रिन्सेस 1950मध्ये माँ ब्लाँ पर्वतावर आदळली आणि 48 जण गेले. 1 जानेवारी 1978 रोजी सम्राट अशोक हे जंबो जेट मुंबईच्या समुद्रात कोसळले; 213 जणांचा बळी गेला. पुढच्याच महिन्याच्या आरंभी मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. 1953मध्ये मालकी गेली होती, आता निगेचा अधिकारही गेला. दुसरा घाव पहिल्यापेक्षा खोल असावा.

तरीही 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेआरडींनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले. जुन्या लेपर्ड मॉथमध्ये, एकट्याने. 1962मध्येही त्यांनी ते केले होते. लाकूड-कापडाचे ते विमान पुन्हा उडण्याजोगे करण्यासाठी कारागिरांनी जे कष्ट घेतले, तो या माणसाचा खरा सत्कार होता. 1992मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हात त्यांचा अंत झाला.

27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. सातबारा फिरून मूळ घराच्या नावावर झाला, म्हणून अनेकांना आनंद झाला. 12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले तिचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातल्या 242 जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरची माणसेही गेली. ज्या गावी बैलगाडीवरून पेट्रोल आले, तेच हे गाव. दोष कोणाचा, हे ठरवण्याची ही जागा नव्हे. एवढे मात्र खरे, की कागदावरचे नाव बदलल्याने आभाळातली जबाबदारी कमी होत नाही. ती रोज सकाळी नव्याने सुरू होते.

वडीगोद्रीच्या फाट्यावर एखादा शेतकरी ट्रॅक्टरचे झाकण उघडून, फडक्याने हात पुसत, आत वाकून पाहताना दिसतो. बँकेचे हप्ते अजून फिटलेले नसतात. कागदोपत्री ट्रॅक्टर त्याचा व्हायचा असतो. तरी तो वाकून पाहतो. जेआरडी जिप्सी मॉथच्या इंजिनावर असेच वाकत असतील.