पिस्टन घरीच ओतणारे बर्ट मन्रो

उन्हाळी सुट्टीत काकांच्या टर्बो गाडीचे इंजिन आम्ही अंगणातच उघडले. एका पिस्टनचा काठ तुटला होता. चारही नवे बसवायचे ठरले. रिंगच्या दोन टोकांमधली फट मोजण्याचे काम माझ्याकडे होते. मी पहिल्या सिलिंडरमध्ये रिंग घालून फीलर गेजने फट मोजली आणि उरलेल्या तिन्हींत तेवढीच असेल असे धरून चाललो. टर्बोच्या इंजिनात उष्णता जास्त, त्यामुळे रिंग जास्त प्रसरण पावते. फट अपुरी पडली तर टोके एकमेकांना भिडतात. तिसऱ्या सिलिंडरमध्ये नेमके तेच झाले. रिंग अडकली, सिलिंडरवर खोल ओरखडे उठले. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते.

शाळेत परतल्यावर मी बर्ट मन्रो यांच्याविषयी वाचले. त्यांचा जन्म १८९९ साली न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील इन्व्हरकारगिलचा. १९२० मध्ये त्यांनी 'इंडियन स्काउट' ही ६०० सीसीची मोटारसायकल घेतली. नाव 'इंडियन' असले तरी गाडी अमेरिकेतली. तिचा वेग ताशी सुमारे ८९ किलोमीटर होता. मन्रोंना तो कमी वाटला, आणि मग उरलेले आयुष्य त्यात गेले.

दिवसा ते मोटारसायकली विकत आणि रात्री शेडमध्ये काम करत. पैसा बेताचा, म्हणून सुटे भाग घरीच तयार होत. जुन्या डब्यांचे साचे करून ते पिस्टन ओतत. ट्रॅक्टरच्या आक्सलमधून त्यांनी कनेक्टिंग रॉड घडवले. पिस्टन फुटत, ते पुन्हा ओतत. निकामी झालेले भाग त्यांनी फेकले नाहीत, वेगाच्या देवाला वाहिल्यासारखे फळीवर मांडून ठेवले. आपल्याकडे याला कोणी जुगाड म्हणेल. मला ते पटत नाही. मायक्रोमीटरच्या जागी ते चाकाची जुनी तार वापरत, म्हणजे साधन नसतानाही मोजत होते. माझ्या तर खिशात फीलर गेज होता.

१९६२ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, इंजिन ९५३ सीसीपर्यंत वाढवून त्यांनी १००० सीसीखालील गटात ताशी २९५ किलोमीटरचा पल्ला ओलांडला. ज्या वयात आमचे आजोबा जिना चढताना कठडा धरतात, त्या वयात! १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढची गोष्ट मी दोनदा वाचली. १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना हिशेबात चूक झाल्याचे त्यांच्या मुलाच्या लक्षात आले. २०१४ मध्ये, मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, आकडा सुधारून ताशी २९६.२६ किलोमीटर करण्यात आला.

काकांची गाडी अजून अंगणातच उभी आहे. दिवाळीत इंजिन पुन्हा उघडायचे आहे. चारही सिलिंडरच्या रिंगा मीच मोजणार, असे मी त्यांना पत्रात लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.